निवडलेले पूर्वज

आयर्लंडच्या अख्ख्या बेटावर, म्हणजे डब्लिनचं प्रजासत्ताक आणि बेलफास्टकडचा ब्रिटिश भाग दोन्ही धरून, आज सत्तर लाखांच्या थोडी वर माणसं राहतात. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ३ कोटी ८६ लाख लोकांनी आपला वंश आयरिश असल्याचं लिहिलं. स्कॉटिश लिहिणारे ८४ लाख निघाले, आणि खुद्द स्कॉटलंडची लोकसंख्या आहे ५५ लाखांच्या आसपास. यातल्या बहुतेकांच्या घरातलं कुणीतरी बोटीत बसलं त्याला दीडशे ते तीनशे वर्षं झाली. मधल्या पिढ्यांनी जर्मनांशी, इटालियनांशी, इंग्रजांशी लग्नं केली, धर्म बदलले, भाषा तर केव्हाच विसरली. तरी पणतूचा पणतू बारमधल्या उंच स्टुलावर बसून सांगतो, 'मी आयरिश आहे.' वर्तमानकाळात.

खऱ्या आयरिश माणसाला हे ऐकून वैताग येतो. अशा मंडळींना तिकडे 'प्लास्टिक पॅडी', म्हणजे नकली आयरिश, म्हणतात, आणि म्हणताना आवाजात प्रेम नसतं. मला वैताग येण्याचं कारण नाही, मी ना त्यांच्यातली ना ह्यांच्यातली. नॉर्थ कॅरोलिनात संसार थाटल्यापासून मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. माणूस आपले पूर्वज निवडतो कसे?

कारण ही निवडच असते. सात पिढ्या मागे गेलं की १२८ माणसं उभी राहतात. त्यातल्या एकाचं आडनाव आपल्यापर्यंत पोचतं, उरलेले १२७ कुणाच्या खिजगणतीत नसतात. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं उदाहरण सांगते. त्याच्या वंशवृक्षात पेनसिल्व्हेनियाचे जर्मन शेतकरी भरपूर, इंग्रज त्याहून भरपूर, आणि मेयो परगण्यातून आलेला एक खापरपणजोबा. १७ मार्चला, आयरिशांच्या सेंट पॅट्रिक दिवशी, स्वारी हिरवा टाय लावून येते ती या एकट्या खापरपणजोबासाठी. 'आणि जर्मन?' असं मी एकदा विचारलं. 'ते काय, नुसते शेतकरी होते,' म्हणाला. मेयोवालाही शेतकरीच होता. पण तो उपाशी होता, त्याची जमीन गेली होती, त्याच्यावर अन्याय झाला होता. त्याची गोष्ट सांगता येते.

इंग्रज वंशाच्या लोकांचं तर फारच गमतीदार आहे. २०२० मध्ये ४ कोटी ६६ लाखांवर जाऊन ते युरोपीय वंशांत पहिले आले, पण त्यांची मिरवणूक कुठे निघालेली मी पाहिली नाही. १९८० च्या जनगणनेत ते जवळजवळ पाच कोटी होते आणि १९९० मध्ये सव्वातीन कोटींवर उतरले. दहा वर्षांत पावणेदोन कोटी माणसं काही मेली नाहीत. १९८० च्या फॉर्मवर वंशाच्या प्रश्नाखाली नमुन्यादाखल जी नावं छापली होती त्यात 'इंग्लिश' होतं, १९९० च्या फॉर्मवर ते नव्हतं. उतार पडायला हे एक मोठं कारण. रक्ताचं नातं म्हणून जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते छापखान्यातल्या एका ओळीने हलू शकतं.

आयरिश ओळख इतक्या सहज हलत नाही, कारण तिच्या मुळाशी एक खरी आपत्ती आहे. १८४१ साली त्या बेटावर ८१ लाखांहून जास्त लोक होते. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला, पुढच्या वर्षी पुन्हा पडला, आणि १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाच्या साथींनी गेली. दहा लाखांहून जास्त देश सोडून निघाली. धान्य, जनावरं, लोणी बंदरांतून इंग्लंडला जातच होतं. लंडनहून मदतीची दोरी हातात धरून बसलेला अधिकारी होता चार्ल्स ट्रिव्हेल्यन. बाजाराच्या कामात सरकारने लुडबुड करू नये, या मताचा. आधी कलकत्त्यात नोकरी केलेला आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झालेला तोच हा. बेटाची लोकसंख्या आजही १८४१ च्या आकड्याला पोचलेली नाही. एवढं घर रिकामं झाल्यावर गेलेल्यांच्या नातवंडांनी आठवण काढू नये, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

शिवाय इथे आल्यावर स्वागत झालं नव्हतंच. कॅथलिक म्हणून हेटाळणी होती, १८४४ मध्ये फिलाडेल्फियात त्यांच्या वस्त्या आणि चर्चेस जाळली गेली, नोकरीच्या जाहिरातींत 'आयरिशांनी अर्ज करू नये' असं छापलेलं सापडतं. मग पोलिसात, अग्निशमन दलात, नगरपालिकेच्या राजकारणात शिरत शिरत हे लोक वर आले आणि १९६१ मध्ये त्यांच्यातला एक व्हाइट हाउसमध्ये जाऊन बसला. जॉन केनेडी १९६३ च्या जूनमध्ये वेक्सफर्ड परगण्यातल्या डंगन्सटाउनला गेला, जिथून त्याचा पणजोबा दुष्काळात निघाला होता, तेव्हा आयर्लंडमधल्या घराघरात पोपच्या तसबिरीशेजारी त्याची तसबीर लागली.

उत्सवाचा भाग मी भराभर सांगते, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. शिकागोची नदी १९६२ पासून हिरवी करतात. कल्पना प्लंबरांच्या युनियनची. नदीत सांडपाणी कोण सोडतंय ते शोधायला ते जो रंग टाकत, तोच सुरुवातीला वापरला. पहिल्या वर्षी शंभर पौंड टाकला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. कॉर्न्ड बीफ आणि कोबी हे या दिवसाचं पवित्र जेवण न्यूयॉर्कमध्ये ज्यू खाटकांच्या शेजारी राहून लागलेली सवय आहे, आयर्लंडमध्ये डुकराचं मांस असे. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिका देशाहूनही जुनी, आणि ती सुरू केली ब्रिटिश सैन्यात चाकरीला असलेल्या आयरिश शिपायांनी. खुद्द आयर्लंडमध्ये हा देवाधर्माचा दिवस होता. १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी दारूची दुकानं बंद ठेवायला लावली होती, आणि ती बंदी पुढे कैक वर्षं चालली. डब्लिनचा मोठा सोहळा सुरू झाला तो थेट १९९६ मध्ये, पुष्कळसा अमेरिकन पाहुणे डोळ्यांपुढे ठेवून.

यात चिडण्यासारखं मला काही दिसत नाही. निवडलेल्या खापरपणजोबाबरोबर त्याच्या शेजाऱ्यांचीही गोष्ट येते आणि ती मिरवणुकीत कुठे नसते, हे मात्र खटकतं.

डॅनियल ओ'कॉनेल हा आयरिश कॅथलिकांचा सर्वांत मोठा पुढारी. गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १८४२ च्या जानेवारीत बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये एक आवाहन वाचलं गेलं. आयर्लंडमधल्या साठ हजार लोकांच्या सह्यांचं, अमेरिकेतल्या आयरिश बांधवांना उद्देशून: काळ्या माणसाला आपला समजा, गुलामगिरीविरुद्ध उभे राहा. त्यांत एक सही ओ'कॉनेलची. इथल्या आयरिश पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी ते झिडकारलं. त्यांचं दुखणं साधं होतं: समाजाच्या उतरंडीत आपण शेवटून दुसरे आहोत, शेवटचा वर आला तर आपली पायरी जाईल. त्यानंतर तीन वर्षांनी फ्रेडरिक डग्लस, मेरीलँडमधून पळालेला गुलाम, डब्लिनला गेला. तिथे त्याला माणसासारखं वागवलं गेलं याचं त्याला इतकं आश्चर्य वाटलं, की ते त्याने पुन्हा पुन्हा लिहून ठेवलं.

आणि १८६३ चा जुलै. यादवी युद्धासाठी सक्तीची लष्करभरती सुरू झाली. ३०० डॉलर भरले की सुटका, म्हणजे युद्ध गरिबाने लढायचं. राग रास्त होता. पण न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उतरलेल्या जमावाने, ज्यात आयरिश कामगारांचा भरणा होता, तो काढला काळ्या माणसांवर. दिव्याच्या खांबांना लटकवून मारलं. फिफ्थ अव्हेन्यूवरचं काळ्या मुलांचं अनाथालय जाळलं. आतली दोनशेवर मुलं मागच्या दाराने वाचली. एकूण शंभरावर माणसं मेली. याच शहरात दर मार्चला फिफ्थ अव्हेन्यूवरूनच मिरवणूक जाते.

माझ्या सहकाऱ्याला हे माहीत नव्हतं असं नाही. 'ते माझे नव्हते,' तो म्हणाला, 'माझा तेव्हा पिट्सबर्गला होता.' हे उत्तर मला फार आवडलं. उपाशी मेलेले दहा लाख सगळेच्या सगळे त्याचे होते, दंगल करणारे मात्र पत्ता विचारून वेगळे काढता येत होते.

अ‍ॅपलाचियन डोंगरांत, आमच्या राज्याच्या पश्चिमेला, गोष्ट आणखी गुंतते. तिथले बरेच लोक स्वतःला 'स्कॉच-आयरिश' म्हणवतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाने स्कॉटलंडच्या सखल भागातले प्रॉटेस्टंट आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये, कॅथलिकांच्या काढून घेतलेल्या जमिनींवर नेऊन बसवले. त्यांची नातवंडं वाढत्या खंडाला आणि पडत्या पिकांना कंटाळून १७१७ पासून अमेरिकेकडे निघाली. फिलाडेल्फियाला उतरायचं आणि बैलगाडीच्या वाटेने दक्षिणेकडे सरकत जायचं. त्या काळी त्यांना सरळ आयरिशच म्हणत. दुष्काळातले कॅथलिक येऊ लागल्यावर 'आम्ही ते नव्हे' असं सांगायची गरज पडली आणि 'स्कॉच-आयरिश' हा शिक्का जोरात चालायला लागला. दुसऱ्याच्या जमिनीवर बसवलेले लोक पुन्हा एकदा दुसऱ्याच्या जमिनीवर येऊन बसले, या वेळी चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या.

याच मंडळींतला अँड्र्यू जॅक्सन. आईबाप अल्स्टरच्या कॅरिकफर्गसहून १७६५ मध्ये आलेले, हा १७६७ चा. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८३० मध्ये त्याने मूळ अमेरिकन जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्याच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याखाली १८३१ मध्ये पहिली घरं सुटली चॉक्टॉ लोकांची. मिसिसिपी राज्यातून ओक्लाहोमाकडे, ऐन थंडीत, पायी. हजारो वाटेत मेले. १८४७ च्या मार्चमध्ये, म्हणजे सोळाच वर्षांनी, याच चॉक्टॉंनी आयर्लंडमधल्या उपाशी लोकांसाठी आपसांत वर्गणी काढली. १७० डॉलर जमले. ज्यांच्या रक्ताच्या माणसाने आपल्याला घालवलं असं त्यांना म्हणता आलं असतं, त्यांच्याच बेटासाठी.

आयर्लंडने हे लक्षात ठेवलं. कॉर्क परगण्यातल्या मिडलटन गावात २०१७ मध्ये एका शिल्पाचं रीतसर लोकार्पण झालं. गरुडाची नऊ पोलादी पिसं वर्तुळात उभी, मधली पोकळी वाडग्यासारखी. २०२० मध्ये कोविडने नवाहो आणि होपी वस्त्यांना गाठलं तेव्हा आयर्लंडमधून लोकांनी पैसे पाठवले आणि सोबत लिहिलं की हे चॉक्टॉंच्या उपकाराची आठवण म्हणून. मिडलटनचं नाव वाचून मला मात्र आणखी एक माणूस आठवतो. रेजिनल्ड डायर, जालियनवाला बागेतला, याच गावच्या मिडलटन कॉलेजात शिकला. आणि त्याची पाठराखण करणारा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर शेजारच्या टिपररी परगण्यातल्या कॅथलिक घरातला. आयर्लंड आणि भारत हे एकाच जोखडाखालचे भाऊ, असं आपण होमरूलच्या दिवसांपासून ऐकत आलो, आणि त्यात तथ्य पुष्कळ आहे. पण भावांच्या यादीत हे दोघेही येतात.

आता स्कॉटिश लोक. दर जुलैत आमच्या राज्यातल्या लिनव्हिलजवळ, ग्रँडफादर माउंटनच्या पायथ्याच्या कुरणात, हायलँड गेम्स, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरी भागाचे खेळ, भरतात. १९५६ पासून. पहिला दिवस मुद्दाम १९ ऑगस्ट निवडला होता, १७४५ मध्ये त्याच तारखेला ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या प्रिन्स चार्ल्स स्टुअर्टने बंडाचं निशाण उभारलं म्हणून. पिशवीबाजा, झाडाच्या सोटासारखा ओंडका उचलून फेकायची स्पर्धा, आणि ओळीने कुळांचे तंबू. प्रत्येक तंबूत वंशावळींची बाडं, चौकटीच्या कापडाचे नमुने, आणि लाल चेहऱ्याची प्रेमळ म्हातारी माणसं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला आपल्याकडची कुलसंमेलनंच आठवली: मूळ पुरुष, शाखा, परागंदा झालेली पाती, कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार म्हणून देणगीचं आवाहन. फक्त पुरुषांनी घागरे घातलेले.

तंबूत जी गोष्ट सांगतात ती अशी: १७४६ मध्ये त्या बंडात कलोडनच्या माळावर आपण हरलो, इंग्रजांनी आपल्याला देशोधडीला लावलं, आपण इथे आलो आणि राजाविरुद्ध लढून स्वतंत्र झालो. ऐकायला छान आहे. पण केप फिअर नदीच्या खोऱ्यात अर्गाइलहून साडेतीनशे माणसांची पहिली मोठी तुकडी आली ती १७३९ मध्ये, कलोडनच्या सात वर्षं आधी. नंतरचे बहुतेक आले ते जमीनदारांनी खंड वाढवला म्हणून. आणि स्वातंत्र्ययुद्धात यातले पुष्कळ हायलँडर लढले ते राजाच्याच बाजूने. प्रिन्स चार्ल्सला मोलकरणीचे कपडे घालून इंग्रजांच्या हातून सोडवणारी फ्लोरा मॅकडोनाल्ड १७७४ मध्ये इथेच येऊन राहिली होती. १७७६ च्या फेब्रुवारीत मूर्स क्रीकच्या पुलावर तिचा नवरा किंग जॉर्जसाठी लढताना पकडला गेला. मळा जप्त झाला, बाई शेवटी स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर परत गेल्या.

कुळाकुळाच्या वेगळ्या कापडाचंही तसंच. बंडानंतर हायलँडचा पोशाख कायद्याने बंद होता, १७८२ मध्ये बंदी उठली. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्या सरदारांना चौकटीची वस्त्रं नेसवून उभं केलं आणि कापडगिरण्यांचं भाग्य उघडलं. वीस वर्षांनी अ‍ॅलन आडनावाच्या दोन भावांनी आपण स्टुअर्ट राजघराण्याचे वारस असल्याचं सांगत सोळाव्या शतकातली म्हणून एक बनावट यादी छापली. त्यातली काही कापडं आजही विकली जातात. अमेरिकेच्या सिनेटने १९९८ मध्ये ६ एप्रिल हा टार्टन दिवस ठरवला, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या १३२० मधल्या आर्ब्रोथ जाहीरनाम्याची आठवण म्हणून. अमेरिकेचं स्वातंत्र्यपत्र त्यावरूनच बेतलं, असंही ठरावात लिहून टाकलं. इतिहासकारांना विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नसावं.

कापड नवीन असलं म्हणून ते नेसणाऱ्याचा जीव खोटा होत नाही. परंपरा कधीतरी कोणीतरी सुरू केलेलीच असते. मशालींचा मात्र मला धसका आहे. गेम्सच्या पहिल्या संध्याकाळी मशाली घेऊन एकेक कूळ पुढे येतं आणि आपण हजर असल्याचं ओरडून सांगतं. मूळ प्रथा म्हणजे पेटता क्रूस गावोगाव फिरवून कुळाला लढाईला बोलवायची. तीच कादंबऱ्यांतून आणि सिनेमातून अमेरिकेच्या दक्षिणेत आली आणि १९१५ मध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने क्रूस पेटवला. कुरणातल्या या आजीआजोबांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण काळ्या माणसाला डोंगराळ भागात रात्री मशाली दिसल्या तर तो आधी काय आठवेल, हा प्रश्न उरतोच.

वंशावळी शोधणाऱ्यांना भिंती लागतात. आयर्लंडवाल्यांची भिंत १९२२ च्या जूनमधली. डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये यादवीत स्फोट झाला आणि दुष्काळाच्या आगेमागेच्या जनगणना जवळपास संपूर्ण जळाल्या. मग जमिनीच्या करआकारणीच्या याद्या आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळत बसायचं. स्कॉटलंडवाले सुखी, त्यांच्याकडे १८५५ पासून सरकारी जन्ममृत्यूची नोंद शाबूत आहे. काळ्या अमेरिकनांची भिंत १८७० ची. त्या जनगणनेत त्यांतल्या बहुतेकांची नावं पहिल्यांदा लागली. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली नुसती वयं: पुरुष ३४, स्त्री २२, मुलगी ४.

केप फिअरच्या मालकांची नावं स्कॉटिश होती, म्हणून आज फेएटव्हिलच्या आसपास मॅकनील, मॅकलीन, कॅम्पबेल ही आडनावं काळ्या कुटुंबांत भरपूर आहेत. त्या खोऱ्यात काही काळे गुलामही हायलँडची गेलिक भाषा बोलत. एक लोककथा अशी, की बोटीतून उतरलेल्या हायलँडच्या बाईने धक्क्यावर काळ्या माणसाला आपल्या भाषेत बोलताना ऐकलं आणि इथल्या उन्हात आपणही असेच होणार म्हणून घाबरली.

गेल्या खेपेला मी अशाच एका कुळाच्या तंबूत सावलीला बसले होते. साठीच्या घरातला एक काळा माणूस आला. डोक्यावर माजी सैनिकांची टोपी, फेएटव्हिलला लष्कराचा मोठा तळ आहेच. त्याने सभासदत्वाचा फॉर्म मागितला. तंबूतल्या बाई जरा गडबडल्या, मग लगबगीने फॉर्म आणि पेन काढून दिलं. आडनाव, पत्ता, सर्वांत जुना ज्ञात पूर्वज. 'कंबरलँड काउंटी, १८७०,' त्याने वळणदार अक्षरात लिहिलं. पुढचा रकाना होता: कुळाशी नातं कसं? तो थोडा वेळ पेन फिरवत राहिला. मग लिहिलं, 'खरेदीने.'

बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. 'सर, हे असंच ठेवायचं?' त्यांनी विचारलं.

'असंच,' तो म्हणाला, 'आणि मासिक घरपोच येतं ना?'

येतं, म्हणाल्या. पैसे घेऊन पावती फाडली, शिंगाचं बोधचिन्ह असलेला बिल्ला त्याच्या शर्टाला स्वतः लावून दिला, आणि संध्याकाळी मशालींना थांबणार का, असंही विचारलं. तो मोठ्याने हसला. थांबेन म्हणाला, कोण कोण येतं ते एकदा बघायचंच आहे. पण त्याआधी इथे मटणाची पाई बरी कुठल्या गाडीवर मिळते?